नॉटिंग हिल कार्निव्हलला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की आमच्या लंडनच्या मराठी ग्रुपवर नॉटिंग हिल कार्निव्हलबद्दल, म्हणजे पश्चिम लंडनच्या रस्त्यांवर भरणाऱ्या कॅरिबियन मिरवणूक-उत्सवाबद्दल, हे प्रश्न सुरू होतात. कुणी नुकतंच पुण्याहून आलेलं असतं, कुणाचे आईवडील उन्हाळ्यापुरते आलेले असतात, तर कुणाला दहा वर्षं इथं राहूनही जायचा धीर झालेला नसतो. दरवर्षी तेच तेच टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी गेली बरीच वर्षं जातेय. एकदा बाळाला पोटाशी बांधून गेले, एकदा सासूबाईंना घेऊन, आणि एकदा तर घरी परत येईपर्यंत बुटांतून पाणी वाहत होतं.

कार्निव्हल नेमका कधी असतो?

ऑगस्टमधल्या शेवटच्या सोमवारी इथे बँक हॉलिडे असतो. तो सोमवार आणि त्याच्या आदला रविवार. २०२६ मध्ये ३० आणि ३१ ऑगस्ट, २०२७ मध्ये २९ आणि ३०. शनिवारी स्टीलपॅन (पिंपापासून बनवलेलं वाद्य) वाजवणाऱ्या वाद्यवृंदांची स्पर्धा असते, तिला पॅनोरमा म्हणतात. ज्यांना गर्दी सोसत नाही पण वादन ऐकायचंय, त्यांनी फक्त शनिवारी जावं.

अधूनमधून गणपती आणि कार्निव्हल एकमेकांना अगदी खेटून येतात. २०२५ मध्ये सोमवारी कार्निव्हल संपला आणि बुधवारी गणपती बसले. त्या आठवड्यात माझ्या घरात काय चाललं होतं ते विचारू नका.

तिकीट किती?

काही नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. कुणी ‘कार्निव्हलचं तिकीट’ विकत असेल तर ते एखाद्या खासगी पार्टीचं तरी असेल, नाहीतर फसवणूक तरी.

कुठून कुठे जाते मिरवणूक?

पश्चिम लंडनमध्ये, लॅडब्रोक ग्रोव्ह, वेस्टबोर्न ग्रोव्ह, चेपस्टो रोड, ग्रेट वेस्टर्न रोड या रस्त्यांना जोडणारं साधारण साडेतीन मैलांचं कडं आहे. मिरवणूक त्या कड्यावरून फिरते. आतल्या गल्ल्यांमध्ये स्पीकरच्या भिंती उभ्या असतात. म्हणजे कडेनं चालती मिरवणूक आणि पोटात जागच्या जागी नाच, अशी रचना. ही डोक्यात बसली की निम्मा गोंधळ कमी होतो.

हे रिओसारखं आहे का? की गोव्याच्या कार्निव्हलसारखं?

तिघांचं गोत्र एकच. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासाचे, म्हणून त्याआधी मनसोक्त खाऊन-पिऊन-नाचून घ्यायचं ही कॅथलिक रीत. तुम्हाला आपली श्रावणाआधीची गटारी आठवली असेल तर फार चुकलेलं नाही. गोव्यात आणि ब्राझीलमध्ये ही रीत पोर्तुगीजांबरोबर आली. नॉटिंग हिलचा कार्निव्हल आला तो त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरून, आणि तिथे ती रुजवली अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी.

पण पुढची गोष्ट त्रिनिदादची स्वतःची आहे. मळेवाले आपल्या वाड्यांत मुखवटे घालून नाचायचे. त्यांच्या शेतांवरच्या गुलामांना त्या नाचात जागा नव्हती. १८३४ मध्ये कायद्यानं गुलामगिरी संपली, १८३८ मध्ये शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली चाललेली वेठही संपली, आणि मोकळी झालेली माणसं मशाली, ढोल आणि लाठ्या घेऊन रस्त्यावर उतरली. मालक-मालकिणींच्या नकला करू लागली. सरकारला ते खुपलं. १८८१ मध्ये त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला कार्निव्हलमध्येच पोलिसांशी मोठी झुंज झाली आणि त्याच दशकात ढोलांवर निर्बंध आले. मग लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, गाड्यांचे सुटे भाग आले, आणि १९३०-४० च्या सुमारास तेलाच्या रिकाम्या पिंपांच्या तळाला ठोकून ठोकून सूर काढायची विद्या कुणाकुणाला साधली. तोच आजचा स्टीलपॅन. लॅडब्रोक ग्रोव्हवर तो पहिल्यांदा ऐकाल तेव्हा लक्षात असू द्या की हे वाद्य बंदीतून जन्मलंय.

रिओत तुम्ही तिकीट काढून बसता आणि पथकं पुढून जातात. नॉटिंग हिलला बसायला जागाच नसते.

मग हा कार्निव्हल फेब्रुवारीत का नाही? ऑगस्टमध्ये कसा?

लंडनच्या फेब्रुवारीत पिसांचा पोशाख घालून बघा, उत्तर मिळेल.

खरं तर लंडनमधला पहिला कॅरिबियन कार्निव्हल ऐन थंडीतच झाला होता, पण छपराखाली. ३० जानेवारी १९५९, सेंट पँक्रस टाउन हॉल. तो भरवला क्लॉडिया जोन्स यांनी. या बाईंबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. जन्म त्रिनिदादचा, वाढल्या न्यूयॉर्कला. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेनं तुरुंगात टाकलं आणि १९५५ मध्ये देशाबाहेर काढलं. लंडनला आल्यावर १९५८ मध्ये त्यांनी ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र सुरू केलं. त्या कामात त्यांच्यासोबत अभिमन्यू मनचंदा हे भारतीय होते. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी काळ्या लोकांच्या घरांवर रात्री-अपरात्री हल्ले केले. तेव्हाचं नॉटिंग हिल आजच्यासारखं श्रीमंतांचं नव्हतं. पडक्या घरांतली एकेक खोली अव्वाच्या सव्वा भाड्यानं कॅरिबियन कुटुंबांना दिली जायची, कारण बाकी शहर त्यांना दारात उभं करत नव्हतं.

त्या दंगलीला उत्तर म्हणून जोन्सबाईंनी काय केलं, तर नाच-गाण्याचा कार्यक्रम. बीबीसीनं तो दाखवला. कार्यक्रमाची पुस्तिका विकून आलेल्या पैशांचा काही भाग दंगलीत दंड झालेल्या तरुणांचा दंड भरायला ठेवला होता, आणि त्यात काळे-गोरे दोन्ही धरले होते. पुस्तिकेत हे तसं छापलंच होतं. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. १९६४ च्या डिसेंबरात त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी त्यांची कबर आहे. मार्क्सला भेटायला जाणारे आपले बरेच लोक तिच्याकडे न बघता परततात.

रस्त्यावरची मिरवणूक सुरू झाली १९६६ मध्ये. वस्तीतल्या कार्यकर्त्या रॉन लॅस्लेट यांनी मुलांसाठी एक जत्रा भरवली आणि रसेल हेंडरसन यांच्या स्टीलपॅनवाल्यांना बोलावलं. हे लोक गळ्यात पॅन अडकवून वाजवत वाजवत चालू लागले, मागे पोरं निघाली, पोरांमागे आया निघाल्या. तीच पहिली मिरवणूक. १९७३ पासून लेस्ली पामर यांनी त्याला आजचं रूप दिलं: वेशभूषेची पथकं वाढवली आणि जमैकन तरुणांच्या साउंड सिस्टम आणल्या. त्रिनिदादची मिरवणूक आणि जमैकाची स्पीकरची भिंत यांचं लग्न तेव्हा लागलं.

पुढे सगळं गोड चाललं असं नाही. १९७६ मध्ये पोलीस आणि तरुण यांच्यात मोठी दंगल झाली, शंभराहून जास्त पोलीस जखमी झाले आणि ‘बंद करा हे’ अशी ओरड सुरू झाली. ती ओरड आजही दर सप्टेंबरात होते. रस्त्यावर मिरवणूक खरोखर निघाली नाही ती फक्त २०२० आणि २०२१ मध्ये, कोविडमुळे.

म्हणजे आपल्या विसर्जन मिरवणुकीसारखंच की!

बरंचसं. मंडळांसारखी पथकं असतात, त्यांना इथे ‘बँड’ म्हणतात, पण बँड म्हणजे फक्त वाजवणारे नव्हेत, सगळा ताफाच. आपली ढोल पथकं नदीकाठी दोन-दोन महिने सराव करतात, तसे यांचे ‘मास कँप’ असतात, तिथे वर्षभर पोशाख शिवले जातात, तारा वाकवल्या जातात, मणी आणि पिसं चिकटवली जातात. पुढे ट्रक, ट्रकवर स्पीकर, मागे एकाच रंगाच्या पोशाखात शंभर-दोनशे माणसं. पेठांतले काही लोक विसर्जनाच्या दिवशी घराला कुलूप लावून लोणावळा गाठतात ना, इथलेही गाठतात. जाण्याआधी दाराखिडक्यांना प्लायवूडच्या फळ्या ठोकून जातात. कोट्यवधींच्या घरांच्या रांगा फळ्यांमागे लपलेल्या बघणं हा एक वेगळाच देखावा असतो.

फरकही आहेत. इथे देव नाही आणि विसर्जनाचा घाट नाही, मिरवणूक नुसती गोल फिरते. मानाचा पहिला-दुसरा कुणी नाही. आणि लक्ष्मी रोडवर दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते, तसं इथे नाही. संध्याकाळी सातला स्पीकर बंद म्हणजे बंद. पहिल्या वर्षी माझा यावर विश्वास बसला नव्हता. सात वाजले, गाणं अर्ध्यात थांबलं आणि हजारभर लोक निमूटपणे वळले.

मास, पॅन, सोका, कॅलिप्सो… हे शब्द काय आहेत?

‘मास’ म्हणजे मास्करेड, सोंग. सोंग घेऊन मिरवणुकीत चालणं म्हणजे ‘मास खेळणं’. सोंग हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण जुन्या मासमध्ये सैतान, खलाशी, वटवाघूळ अशी ठरलेली सोंगं असत, आपल्या दशावतार-बोहाड्यासारखी. आता पिसं आणि मण्यांचे पोशाख जास्त दिसतात, आणि जुनी माणसं त्यावर कुरकुरतात. ‘पॅन’ म्हणजे तो पिंपाचा वाद्यप्रकार. कॅलिप्सो ही जुनी गाणी. चालू घडामोडींवर, पुढाऱ्यांवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर टोमणे मारणारी. आपल्या शाहिरांना ती लगेच कळली असती. सोका त्याचं वेगवान रूप. या चौघांत पाचवी भर साउंड सिस्टमची. त्या तीसहून जास्त असतात, प्रत्येक कोपऱ्यावर वेगळी: एकीकडे रेगे, दुसरीकडे डब, तिसरीकडे हाउस.

यात आपलं काही आहे का, की आपण नुसते पाहुणे?

पाहुणेच आहोत, पण अगदीच परके नाही.

१८४५ च्या ३० मे रोजी ‘फातेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून करारावर आणलेले हे गिरमिटिये. १९१७ पर्यंत हे चालू राहिलं. बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारचे होते, महाराष्ट्राचे नव्हते, तेव्हा ‘आपली माणसं’ म्हणून उगाच छाती फुगवायला नको. आज त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे लोक आफ्रिकी वंशाच्या लोकांइतकेच आहेत.

त्यांच्याबरोबर ताशा गेला. तिथे त्याला ‘टासा’ म्हणतात. मोहरमच्या मिरवणुकीत, लग्नात, सगळीकडे वाजतो. ज्या दशकात आफ्रिकी लोकांच्या ढोलांवर गदा आली, त्याच दशकात, १८८४ मध्ये, मोहरमच्या मिरवणुकीवर ब्रिटिश पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि अनेक मजूर मेले. दोन्ही समाजांनी मिरवणुकीची किंमत मोजलेली आहे.

आणि सोका? १९७० च्या सुमारास लॉर्ड शॉर्टी या त्रिनिदादी गायकानं मरगळलेल्या कॅलिप्सोत जीव आणायला ढोलक आणि धनताल (लोखंडी सळीचं तालवाद्य) यांचा भारतीय ठेका मिसळला. त्यातून सोका निघाला. तेव्हा ट्रकवरच्या सोकाला तुमचे पाय आपोआप ठेका धरू लागले तर तो फक्त रम पंचचा गुण समजू नका.

रविवारी जावं की सोमवारी?

मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर रविवार, आणि तोही सकाळी. रविवार मुलांच्या पथकांचा असतो. पोरं आपल्या दुप्पट आकाराचे पंख सांभाळत चालतात, मागून आई पाण्याची बाटली घेऊन धावते. रविवारी पहाटे ‘जुव्हे’ असतो, त्यात रंग, पावडर, चॉकलेट अंगाला फासून नाचतात. आपल्याला रंगपंचमीची सवय असल्यामुळे फारसं नवल वाटत नाही, पण जुने कपडे घालून जा.

सोमवार मोठ्यांचा. पोशाख मोठे, आवाज मोठा, गर्दी मोठी. दोन दिवसांत मिळून दहा लाखांच्या आसपास लोक येतात, आणि त्यातले जास्त सोमवारी.

आईबाबा सत्तरीचे आहेत. न्यावं का?

चालता येत असेल आणि तीन तास उभं राहता येत असेल तर न्या. रविवारी साडेदहाला पोचा, दीडपर्यंत निघा. कड्याच्या बाहेरच्या बाजूला उभं राहा, म्हणजे कंटाळा आला की मागच्या गल्लीतून निघता येतं. आत शिरलात की मिरवणूक ओलांडून बाहेर पडायला अर्धा तास जातो. घडीचं स्टूल न्यायची कल्पना चांगली वाटते, पण गर्दीत ते लोकांच्या पायात येतं. गुडघे दुखत असतील तर टीव्हीवर दाखवा, त्यात कमीपणा नाही.

लहान मूल आहे…

बाबागाडी नको, झोळी किंवा कॅरियर घ्या. मोठ्या मुलाच्या हातावर तुमचा फोन नंबर पेननं लिहा, कागदाची चिठ्ठी हरवते. मुलांच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घालाच. साउंड सिस्टमच्या भिंतीसमोर उभं राहिलं की आवाज कानानं नाही, बरगड्यांनी ऐकू येतो. मोठ्यांनीही कानात बोळे घालावेत, मी घालते.

कसं पोचायचं?

लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन दोन्ही दिवस बंद असतं. नॉटिंग हिल गेट आणि वेस्टबोर्न पार्कवर बंधनं असतात, म्हणजे ऐन दुपारी तिथून आत घेत नाहीत किंवा गाड्याच थांबत नाहीत. तपशील दरवर्षी बदलतात, आदल्या रात्री टीएफएलच्या (लंडनची सार्वजनिक वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थेच्या) साइटवर बघा. बसचे मार्ग वळवलेले असतात आणि गाडी नेण्याचा विचारही करू नका.

माझा मार्ग: पॅडिंग्टनला उतरायचं आणि वेस्टबोर्न ग्रोव्हच्या दिशेनं वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाकडून येणारे क्वीन्स पार्कच्या बाजूनं चालत येऊ शकतात. परतताना आलात त्याच दिशेनं परत या, दुसरं जवळचं स्टेशन शोधत बसू नका.

भेटायची जागा आधीच ठरवा आणि ती कड्याच्या बाहेर असू द्या. दुपारनंतर फोनला नेटवर्क मिळत नाही. ‘मी स्पीकरजवळ उभा आहे’ या मेसेजचा काडीचा उपयोग नसतो.

आणि… शौचालय?

हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारत नाही, सगळे मला खासगीत विचारतात. फिरती शौचालयं असतात, रांगा मोठ्या असतात, आणि दुपारी चारनंतर आत काय असेल याचा विचार करून जा. इथले काही रहिवासी, चर्च आणि कॅफे दोन-चार पौंड घेऊन आपलं शौचालय वापरू देतात. पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेली पाटी दिसेल. ते पैसे सत्कारणी लागतात असं मी अनुभवानं सांगते. टिश्यू आणि सॅनिटायझर खिशात हवंच.

खायला काय मिळतं? आम्ही शाकाहारी आहोत.

उभं चिरलेलं पिंप, त्यात कोळसा, वर जाळी आणि जाळीवर मसाला चोपडलेली कोंबडी: हे जर्क चिकन. धूर सगळ्या वस्तीभर असतो, कपड्यांना मंगळवारपर्यंत वास राहतो. बोकडाची करी असते. ‘राइस अँड पीज’ म्हणतात त्यात वाटाणे नसतात, राजमा असतो, नारळाच्या दुधात शिजवलेला. शाकाहारी म्हणून घ्यायच्या आधी विचारून घ्या, सगळ्यांची पद्धत सारखी नसते.

शाकाहाऱ्यांनी ‘डबल्स’ शोधावेत. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन पुऱ्या, मध्ये छोल्यांसारखे चणे, वर चिंचेची चटणी आणि मिरचीचा ठेचा. त्या पुरीला ते ‘बारा’ म्हणतात, म्हणजे भोजपुरी बरा, आपल्या वड्याचा भाऊ. विकणारी बाई विचारते, ‘पेपर?’ आपण मिरची खाणारे लोक, म्हणून मी पहिल्यांदा ऐटीत ‘भरपूर’ म्हणाले. ती स्कॉच बॉनेट मिरची होती. तेव्हापासून मी ‘स्लाइट’ म्हणते. यांच्या पोळीला रोटीच म्हणतात, आणि डाळ भरलेली ‘दालपुरी’ ही पुरणपोळीची तिखट मावसबहीण आहे, आत चणा-आलू घालून गुंडाळून देतात. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं ‘आयटल’ जेवण तर बहुतेक वेळा शाकाहारीच असतं. भाजलेली कणसं आणि तळलेली केळी सगळीकडे.

थोडी रोख रक्कम ठेवा, कार्डाचं मशीन नेटवर्कअभावी रुसतं.

दारू?

लोक रस्त्यावर पितात. रम पंच गोड लागतो म्हणून सरबतासारखा पिऊ नका. काचेची बाटली नको. फुगे फुंकणारी पोरं दिसतील, त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. तो नशेसाठी जवळ बाळगणं नोव्हेंबर २०२३ पासून गुन्हा आहे, आणि व्हिसावर असलेल्यांनी तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

सासूबाई सोबत आहेत. पोशाखांमुळे संकोच वाटेल का?

पोशाख तोकडे असतात, नाच कमरेचा असतो, हे आधीच सांगून न्या. माझ्या सासूबाई पहिली दहा मिनिटं दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. मग साठीच्या एक जाड्या बाई निळी पिसं लावून पुढ्यातून अशा थाटात गेल्या की सासूबाई म्हणाल्या, ‘हिला गुडघेदुखी नाही वाटतं.’ त्यानंतर त्या पाट्या वाचायच्या थांबल्या. सगळ्या वयांच्या, सगळ्या आकारांच्या बायका इथे कुणाचीही पर्वा न करता चालतात, आणि मला ते बघायला आवडतं.

फोटो काढले तर चालतात का?

पथकाचे, मिरवणुकीचे काढा. एकट्या बाईचा जवळून काढायचा असेल तर विचारा. बहुतेक जणी हसून उभ्या राहतात. हे मी आपल्या पुरुषमंडळींसाठी स्पष्टच लिहिते: फोन वर धरून बायकांच्या मागे मागे चित्रण करत चालणारे आपले लोक मी पाहिलेत आणि मला लाज वाटली आहे. तोकडा पोशाख हे आमंत्रण नाही. कुणी नाचताना जवळ आलं तर नाचा, पण आपण होऊन अंगाला भिडू नका. पिसांना हात लावू नका, महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते. पथकाभोवती दोर धरलेले स्वयंसेवक असतात. तो दोर ओलांडायचा नाही, आतल्यांनी पोशाखाचे पैसे भरलेले असतात.

मग मला आत नाचायचं असेल तर?

पथकात नाव नोंदवा. पथकं उन्हाळ्याच्या बरीच आधी पोशाख दाखवतात आणि नोंदणी सुरू करतात. खर्च काही शे पौंडांत जातो, पिसं वाढली की आकडा वाढतो. साधा टी-शर्ट घालून चालायची सोय काही पथकांत स्वस्तात असते. कॅरिबियन नसलात तरी अडत नाही. ऐन ऑगस्टमध्ये विचारलंत तर उशीर झालेला असतो. वस्तीतलं टॅबर्नॅकल हे पोविस स्क्वेअरचं सभागृह कार्निव्हलवाल्यांचा अड्डा आहे, चौकशीला तिथून सुरुवात करा.

खरं सांगा, सुरक्षित आहे का?

खरं सांगते. चाकूहल्ले झालेले आहेत. २०२४ मध्ये कार्निव्हलच्या दिवसांत झालेल्या हल्ल्यांत दोघांचा जीव गेला, त्यातली एक लहान मुलीला घेऊन आलेली आई होती. सुमारे सात हजार पोलिसांचा बंदोबस्त असतो, वाटेवर झडती होते, २०२५ मध्ये चेहरा ओळखणारे कॅमेरेही लावले होते. त्याच वेळी दहा लाखांच्या गर्दीत बहुतेक लोक जेवून, नाचून, पाय दुखवून घरी जातात. वर्तमानपत्रांत फक्त पहिली गोष्ट येते.

तुमच्या बाबतीत शक्यता जास्त आहे ती फोन मारला जाण्याची. माझा एकदा गेला, मागच्या खिशातून, पोलिसांपासून दहा पावलांवर. पुढच्या खिशात किंवा गळ्यातल्या पाकिटात ठेवा. मंगळसूत्र, सोन्याच्या बांगड्या घरी.

खरी भीती चेंगराचेंगरीची आहे, आणि पोलीसही अलीकडे तेच सांगतात. गल्ल्या अरुंद आहेत. हात वर उचलायला जागा उरली नाही की तिथून निघायची वेळ झाली असं समजा आणि तिरके तिरके कडेला सरका. मी सहसा साडेपाचला निघते. शेवटच्या दीड तासात गर्दी आणि दारू दोन्ही वाढतात.

पाऊस आला तर?

मिरवणूक थांबत नाही. छत्री नको, लोकांच्या डोळ्यात जाते. पातळ रेनकोट आणि बंद बूट. चप्पल घालून गेलात तर पायाची बोटं परत येतील याची हमी नाही.

दुपारी तीन वाजता अचानक सगळं शांत झालं. काय झालं होतं?

स्पीकर बिघडले नव्हते. मिरवणुकीच्या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ग्रेनफेल या रहिवासी टॉवरची जागा आहे. १४ जून २०१७ च्या रात्री तो जळाला आणि ७२ माणसं गेली. त्यांत कार्निव्हलच्या वस्तीतलीच माणसं होती. त्या वर्षापासून कार्निव्हल त्यांच्यासाठी थांबतो. दोन्ही दिवशी तीन वाजता ७२ सेकंद सगळे ट्रक, सगळ्या भिंती, सगळे पॅन गप्प होतात.

तुम्ही तेव्हा बोलत असाल तर थांबा. घास तोंडात असेल तर असू द्या. मागच्या खेपेला मी ऑल सेंट्स रोडजवळ होते, जिथे पूर्वी मँग्रोव्ह हे रेस्टॉरंट होतं. पोलीस तिथे पुन्हा पुन्हा छापे घालायचे. त्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या नऊ जणांवर ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात ५५ दिवस खटला चालला होता. त्या गल्लीत, इतक्या माणसांत, जर्कच्या कोळशावर पडणाऱ्या चरबीचा चुर्रर्र आवाज तेवढा ऐकू येत होता. मग कुणीतरी पॅनवर एक सूर हलकेच लावला, आणि शेजारचा ट्रक पुन्हा सुरू झाला.